जलतरणाचा निकाल तुकड्यांनी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडापानावर जलतरण स्पर्धेची बातमी येते तेव्हा तिच्यात नाव, गाव, क्रमांक आणि शेवटी एक वेळ असते. ५० किंवा १०० मीटर फ्रीस्टाइलसारख्या शर्यतीत तेवढ्यावरून काही कळत नाही. नुसती एकूण रक्कम लिहिलेलं बिल हातात पडावं तसं ते होतं. कशाचे किती लागले ते विचारायची सोय नाही. इंदूरच्या तरण-पुष्करांवर, म्हणजे जलतरण तलावांवर, मुलांना शिकवणारे आणि स्पर्धांना घड्याळ धरणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. विनंती एकच आहे, निकाल तुकड्यांनी, म्हणजे शर्यतीच्या प्रत्येक भागाची वेळ वेगळी देऊन छापावा. तो तुकड्यांनी मिळावा म्हणून काठावर काय करावं लागतं, तेही इथे लिहितो; कारण ते काम छापखान्याच्या आधीचं आहे आणि त्यात कमी पडणारे आम्हीच आहोत.

आधी मोठ्यांचं उदाहरण. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२४ रोजी चीनच्या पान झानलेनं १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत जिंकली, विश्वविक्रमासह. दुसऱ्या आलेल्या काइल चाल्मर्सची वेळ ४७.४८, तिसऱ्या डेव्हिड पोपोविचीची ४७.४९. हे सगळीकडे छापून आलं. पानचे पहिले ५० मीटर २२.२८ आणि दुसरे २४.१२ होते, हे मात्र फारसं कुणाच्या वाचनात आलं नाही. आता पोपोविचीची ऑगस्ट २०२२ ची रोममधली शर्यत घ्या. तीत त्यानं ४६.८६ चा तेव्हाचा विश्वविक्रम केला होता: २२.७४ आणि २४.१२. दुसरा अर्धा भाग शतांशापर्यंत तोच! दोन विक्रमांतला ०.४६ सेकंदांचा फरक सगळाच्या सगळा पहिल्या ५० मीटरमध्ये आहे.

पण यावरून पान 'सुरुवातीला वेगवान झाला' असं म्हणाल तर फसाल. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहाला त्यानं ४६.८० ची वेळ दिली होती, ती २२.२६ आणि २४.५४ अशी. म्हणजे पाच-साडेपाच महिन्यांत त्याचा पहिला अर्धा भाग जिथल्या तिथे राहिला आणि ०.४२ सेकंद दुसऱ्या भागात कमी झाले. एकाच ४६.४० कडे पोपोविचीच्या बाजूनं पाहिलं तर सुधारणा पहिल्या अर्ध्यात दिसते, खुद्द पानच्या आधीच्या वेळेशी ताडलं तर दुसऱ्या अर्ध्यात. प्रशिक्षकाला यातली दुसरी तुलना उपयोगाची. पोहणाऱ्याची त्याच्याच जुन्या शर्यतीशी.

दोन अर्ध्यांतला फरक, म्हणजे आमच्या बोलीत 'ड्रॉप', हाही वाचायला शिकायला हवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये केलेब ड्रेसेलनं ४७.०२ मध्ये सुवर्ण घेतलं: २२.३९ आणि २४.६३, फरक २.२४. चाल्मर्स ४७.०८ वर दुसरा आला: २२.७१ आणि २४.३७, फरक १.६६. सेझार सिएलोची २००९ मधली ४६.९१ ही २२.१७ आणि २४.७४ होती, फरक २.५७, आणि तीही पॉलियुरेथेनच्या पोशाखात, जे पोशाख १ जानेवारी २०१० पासून बंद झाले. पानचा पॅरिसचा फरक १.८४. शून्य फरक कुणाचाच येत नाही, यायचं कारणही नाही. पहिल्या अर्ध्यात सूर असतो, ज्यात शरीर पोहण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगानं पाण्यात शिरतं. शिवाय पहिल्या अर्ध्याची वेळ पाय भिंतीला लागताच नोंदली जाते, दुसऱ्याची हात लागल्यावर. त्यामुळे सव्वा-दीड सेकंदाचा ड्रॉप म्हणजे जवळजवळ एकसारख्या वेगानं पोहलेली शर्यत. आमच्या शहरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत साडेतीन-चार सेकंदांचा ड्रॉप नित्याचा आहे, आणि पालक त्याला 'दम कमी पडला' म्हणतात. बहुतेक वेळा दम हे शेवटचं कारण असतं. आधीची कारणं पुढे येतीलच.

५० मीटरची गोष्ट आणखी अवघड. लांब, म्हणजे ५० मीटरच्या तलावात ती शर्यत एकाच लांबीची, त्यामुळे निकालपत्रकात मधली वेळ नसतेच. कॅमेरॉन मॅकएवॉयनं पॅरिसमध्ये २१.२५ ला सुवर्ण घेतलं आणि बेन प्राउड २१.३० वर राहिला, यातले पाच शतांश कुठे गेले ते चित्रफीत मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून शर्यत अशी तोडायची: सुरुवात ते १५ मीटर, १५ ते ४५, आणि शेवटचे ५. १०० मीटरला यात टर्नचा, म्हणजे भिंतीवर उलटून वळण्याचा तुकडा वाढतो: भिंतीआधीचे ५ आणि नंतरचे १० मीटर. १५ चा आकडा आम्ही मनानं घेतलेला नाही. नियमानुसार सूर मारल्यावर आणि टर्ननंतर १५ मीटरपर्यंत डोकं पृष्ठभागावर यायलाच हवं, आणि लेनच्या दोरीवर तिथे वेगळ्या रंगाची खूण असते. समजा, दोन मुलांची ५० मीटरची वेळ २८.० आहे. पहिल्याचे तुकडे ७.०, १८.२ आणि २.८, दुसऱ्याचे ७.७, १७.४ आणि २.९. बातमीत दोघे बरोबरीत. प्रत्यक्षात पहिल्याचा मधला वेग सेकंदाला १.६५ मीटर आहे आणि दुसऱ्याचा १.७२. दुसरा जास्त चांगला पोहतो, त्याला सूर मारता येत नाही. त्याला रोज दोन हजार मीटर जास्त पोहायला लावून काय होणार? अव्वल पुरुष स्प्रिंटर पहिले १५ मीटर सव्वापाच सेकंदांच्या आसपास आणि मधला तुकडा सेकंदाला २.१ ते २.२ मीटरच्या वेगानं काढतो, हे मापासाठी लक्षात ठेवावं.

सुरावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत स्वस्तात वेळ तिथेच मिळते. हल्लीच्या ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावर, मागच्या पायासाठी तिरकी पट्टी असते. पुढच्या पायाची बोटं कडेवर वळवलेली, मागच्या पायाचा चवडा पट्टीवर, मागचा गुडघा काटकोनाच्या जरा पुढे उघडलेला, कंबर वर, हातांनी ब्लॉकची कड ओढून धरलेली. इशारा झाल्यावर आधी हात ओढतात, मग मागचा पाय रेटतो, शेवटी पुढचा. मोठ्या स्पर्धांत इशाऱ्यापासून पाय ब्लॉक सोडेपर्यंत साधारण ०.६० ते ०.७० सेकंद लागतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ब्लॉक म्हणजे सिमेंटचा सपाट चौथरा. तिथे मागचा पाय घसरतो, म्हणून मुलं दोन्ही पाय पुढे घेऊन उडी मारतात आणि उंच उडतात. उंच गेलेलं शरीर पाण्यावर उतरताना मांड्या आपटतात; पाणी उडालेलं प्रेक्षकांना छान दिसतं, वेग तिथेच मरतो. हात, डोकं, कंबर आणि पाय एकाच भोकातून गेले पाहिजेत.

पाण्यात गेल्यावरची चूक याहून महाग. पाय अजून बाहेर असतानाच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची) सुरू केली तर ती ब्रेकचं काम करते. उलट नुसतं तरंगत राहिलं तर मिळालेला वेग विरून जातो. पूर्ण शरीर पाण्याखाली सरळ झालं की किक सुरू, आणि पाण्याखालचा वेग पोहण्याच्या वेगापर्यंत उतरला की वर. अव्वल स्प्रिंटर दहा-बारा मीटरच्या पुढे वर येतात म्हणून आमच्या मुलानंही तिथपर्यंत थांबायचं, हा हट्ट चुकीचा आहे. ज्याची डॉल्फिन किक कमजोर आहे त्यानं सात-आठ मीटरवर वर यावं. १५ मीटरची वेळ मोजली की कोणतं अंतर त्याला फायद्याचं ते दोन-तीन सकाळींत ठरतं. वर येताना पहिला हात पाण्याखालीच ओढायला लागायचा, डोकं खाली ठेवायचं, पहिल्या दोन स्ट्रोकला श्वास घ्यायचा नाही. वर येताच समोर बघणारं मूल आम्ही रोज पाहतो. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, आणि मग पुढचे पाच मीटर ते उतारावरून वर चढल्यासारखं पोहतं.

इथे खोलीची गोष्ट लिहायलाच हवी. ब्लॉक असलेल्या टोकाला भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटरपर्यंत पाणी किमान १.३५ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार फूट असावं, असं जागतिक नियम सांगतो. उथळ टोकावरून ब्लॉकवरून सूर मारायला लावणं म्हणजे मानेशी खेळ. लांब तलावात ५० मीटरची शर्यत नेहमी समोरच्या टोकाकडून सुटते, कारण संपायची जागा १०० मीटरसारखीच ठेवायची असते. ते टोक उथळ असेल तर आग्रह सोडून शर्यत खोल टोकाकडून सोडावी आणि घड्याळवाल्यांनी उठून उथळ टोकाला जावं. खुर्च्या उचलण्याचा त्रास होतो, तो करावा.

मधल्या तीस मीटरसाठी दोन आकडे पुरतात, स्ट्रोकचा दर आणि स्ट्रोकची लांबी. एका हाताच्या पाण्यात शिरण्यापासून तोच हात पुन्हा शिरेपर्यंत एक चक्र. तीन चक्रांचा वेळ घ्यायचा आणि १८० ला त्यानं भागायचं, की मिनिटाला किती चक्रं ते मिळतं. तीन चक्रं ३.० सेकंदांत झाली तर दर ६०. वेगाला दर सेकंदाच्या चक्रांनी भागलं की लांबी. अव्वल पुरुषांचा ५० मीटरमधला दर मिनिटाला साठच्या वर जातो आणि तरी एका चक्रात दोन मीटरच्या आसपास अंतर कापलं जातं. १०० मीटरला दर खाली येतो. आता एक मुलगी मिनिटाला ५२ चक्रं आणि १.९५ मीटर लांबीनं पोहते, दुसरी ६४ चक्रं आणि १.५८ मीटर लांबीनं. दोघींचा वेग सेकंदाला १.६९ मीटरच्या जवळ. पहिलीला हात जलद फिरवायला शिकवायचं, दुसरीला पाणी धरायला. दोघींना काठावरून 'जोर से मार' ओरडणं हे प्रशिक्षण नाही.

पाणी धरणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. हात पुढे गेल्यावर कोपर उंच राहून बोटांपासून कोपरापर्यंतचा भाग लवकर उभा झाला, तर तेवढं सगळं वल्ह्याचं पातं होतं. कोपर आधी खाली पडलं तर हात पाण्यातून नुसता सरकतो. शंभराच्या शेवटच्या पंधरा मीटरमध्ये हेच होतं. दर मोजला तर पुष्कळदा जवळपास तेवढाच राहिलेला असतो, लांबी पडलेली असते. हात फिरतात, पाणी येत नाही. याला दम म्हणा हवं तर, पण खांदा आणि पाठ कोपर वर धरून ठेवू शकत नाहीत हे त्याचं नेमकं कारण आहे आणि उपायही त्याच जागी आहे. मान, श्वास आणि किक यांचे दोष यात मिसळतात. हात मधली रेषा ओलांडून पलीकडे पडला की शरीर सापासारखं वळतं. गुडघ्यातून मारलेली किक आवाज करते आणि मांडी समोरच्या पाण्याला अडवते. ५० मीटरला अव्वल पुरुष एकही श्वास घेत नाहीत किंवा एखादाच घेतात. १०० ला ते शक्य नाही आणि मुलांना तसं करायला सांगूही नये, पण श्वास घेताना एक डोळा पाण्यात राहिला पाहिजे.

हे सगळं शरीर आडवं आणि अरुंद ठेवण्यासाठी का, याचं गणित साधं आहे. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लागणारी शक्ती घनाप्रमाणे. २८ सेकंदांवरून २७ वर यायचं तर वेग ३.७ टक्के वाढवावा लागतो, शक्ती मात्र साडेअकरा टक्के. एवढी शक्ती जिममध्ये मिळवायला एक मोसम जातो. डोकं चार बोटं खाली नेऊन अडथळा कमी करणं त्यापेक्षा लवकर जमतं.

टर्नबद्दल थोडक्यात. तळाची काळी रेषा भिंतीपासून २ मीटरवर आडव्या पट्टीनं संपते, मुलांनी ती पाहायची, भिंत नाही. भिंत पाहायला मान वर गेली की गेला वेग. भिंतीआधीच्या शेवटच्या दोन स्ट्रोकना आणि बाहेर आल्यावर पहिल्या स्ट्रोकला श्वास नको. एका टर्नला किती किंमत असते त्याचा अंदाज हवा असेल तर असा: सिएलोनं २००९ मध्ये लांब तलावात ५० मीटर २०.९१ ला काढले; जॉर्डन क्रुक्सनं डिसेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला २५ मीटरच्या तलावात १९.९० ला. माणसं वेगळी, पोशाख वेगळे, पण मधली एक भिंत जवळजवळ सेकंदभर देते. म्हणूनच छोट्या तलावातली वेळ आणि लांब तलावातली वेळ एका तक्त्यात छापू नये. आपल्याकडे जुने काही तलाव २५ यार्डांचेही आहेत, म्हणजे २२.८६ मीटर, तिथली वेळ तर कशाशीच लागू नाही.

शेवटचे पाच मीटर. स्पर्शाच्या वेळी वेग सेकंदाला सुमारे २ मीटर असतो, म्हणजे एक शतांश म्हणजे दोन सेंटिमीटर. चाल्मर्स आणि पोपोविची यांच्यात पॅरिसला एवढंच अंतर होतं. शेवटचा स्ट्रोक अर्धवट राहिला आणि हात पुढे धरून तरंगत भिंतीला लागलं, तर दोन नाही, वीस-पंचवीस सेंटिमीटर जातात. जाता जाता एक: १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीचं (चारही प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीचं) सुवर्ण सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी ठरलं होतं. त्यानंतर शतांशावर थांबायचं ठरलं, आणि बरोबरच ठरलं. तलावाच्या लांबीलाच तीन सेंटिमीटरपर्यंत जास्तीची सूट आहे. एक लेन दुसरीपेक्षा केसभर लांब असली तर सहस्रांश कुणाचा मोजणार?

आता मोजायचं कसं. महागडी यंत्रणा लागत नाही. स्टीलची टेप, रंगीत फिती, सेकंदाला २४० फ्रेम घेणारा फोन आणि एक स्टूल पुरे. ३० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ०.०३३ सेकंदाची असते, त्यावर शतांश वाचणं व्यर्थ. २४० ला ती ०.००४ ची होते. डोकं रेषेवर आलं की ती फ्रेम, हा एकच संकेत सगळ्या तुकड्यांना ठेवायचा. कधी हात, कधी डोकं असं केलं तर अर्ध्या मीटरची गडबड.

सगळ्यांत जास्त चूक होते ती तिरक्या नजरेची. फोन १५ मीटरच्या रेषेपासून ५ मीटर बाजूला आणि लेनपासून साडेबारा मीटर लांब उभा आहे आणि खूण फक्त एका बाजूच्या दोरीवर आहे असं धरा. पोहणारा त्या दोरीपासून सव्वा मीटर आत, लेनच्या मध्यावर. नजरेची रेषा तिरकी असल्यानं खूण अर्धा मीटर सरकलेली दिसते. सेकंदाला २ मीटरनं तो पाव सेकंद झाला! पाव सेकंदाच्या चुकीवर मुलाचा सूर सुधारला की बिघडला ते ठरवायचं, हे फार होतंय. उपाय सोपा: लेनच्या दोन्ही दोऱ्यांवर १५, २५, ३५ आणि ४५ मीटरवर फिती बांधायच्या, आणि पडद्यावर जवळची व लांबची फीत जोडणारी रेषा धरून डोकं तिच्यावर आलेली फ्रेम घ्यायची. मग फोन कुठेही असो. दोऱ्या मात्र ताणलेल्या हव्यात. ढिली दोरी शर्यत सुरू झाली की लाटेबरोबर फूटभर सरकते. १५ आणि ४५ एकाच फोननं नीट दिसत नाहीत, तेव्हा दोन फोन, आणि दोन्हींत सुरुवातीचा प्रकाश आला पाहिजे.

प्रकाश म्हणतो, आवाज नाही, याला कारण आहे आणि तेच हातातल्या घड्याळालाही लागू आहे. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ५० मीटरच्या शर्यतीत घड्याळवाले सोडणाऱ्यापासून ५० मीटर लांब असतात, त्यांच्यापर्यंत शिट्टी किंवा भोंगा पोहोचायला ०.१४ ते ०.१५ सेकंद लागतात. आवाज ऐकून घड्याळ दाबलं की तेवढी वेळ आयती कमी होते. मुलाच्या घरी पेढे वाटले जातात आणि पुढच्या महिन्यात विद्युत घड्याळावर तोच मुलगा 'मंदावतो'. मुलाचं काही चुकलेलं नसतं. सोडणाऱ्याजवळ दिवा हवा. नसेल तर त्यानं भोंग्याबरोबर हात झटकन खाली आणावा आणि घड्याळवाल्यांनी हात पाहावा. तरीही फरक उरतोच, कारण सुरुवातीला बोट उशिरा दाबलं जातं आणि शेवटी स्पर्श येताना दिसतो म्हणून अंदाजानं लवकर. एका लेनला तीन घड्याळं असावीत: दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. सर्वांत कमी आलेली लिहून देणं ही मेहेरबानी झाली, निकाल नव्हे.

आता सरावाबद्दल, कारण तुकडे मोजून झाल्यावर त्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. नेहरू पार्क असो की महू नाका, संध्याकाळच्या बॅचला लेनमध्ये आठ-दहा मुलं एकामागे एक लांब्या मोजत असतात, आणि काठावरून पालक विचारतात, 'भैया, आज टाइमिंग कितना आया?' अशा गर्दीत स्प्रिंट शिकवता येत नाही. पूर्ण वेगाचा सराव पूर्ण विश्रांतीवर उभा असतो: १५ मीटरचे सहा ते आठ सूर, प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं थांबून, किंवा २५ मीटरचे सहा, मध्ये तीन-चार मिनिटं. चौथ्या-पाचव्या फेरीला वेळ तीन टक्क्यांहून जास्त पडली की त्या दिवसाचं वेगाचं काम संपलं. पुढे ओढलं तर मूल मंद वेग पाठ करतं. पालकांना मात्र मुलगा भिंतीला टेकून उभा दिसतो आणि वाटतं, पैसे फुकट चालले. आठवड्यातून दोन दिवस एक लेन फक्त स्प्रिंटसाठी राखली तरी बारा-पंधरा मुलांचं काम होतं. एक पोहतो, बाकीचे थांबतात, एक जण चित्रण घेतो.

याच्या उलट टोकाचा आग्रहही हल्ली ऐकू येतो. मॅकएवॉयनं टोकियोनंतर पोहण्याचं अंतर एकदम कमी करून ताकद आणि अतिलघु वेगवान फेऱ्यांवर भर दिला, २०२३ मध्ये फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटरला २१.०६ ची वेळ आणि पुढच्या वर्षी तिशीत ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. ते पाहून बारा वर्षांच्या मुलाचे वडील म्हणतात, मग आमच्यालाही एवढं पोहायला का लावता? त्या माणसाच्या पाठीशी त्याआधीची कित्येक वर्षं रोजची लांब पोहणी होती, पाण्याची पकड पक्की झालेली होती. बाराव्या वर्षी ती पकड बसवायलाच अंतर लागतं. वय, वजन उचलण्याची तयारी आणि आधीचा पाया न पाहता त्याची नक्कल करणं म्हणजे छप्पर आधी घालणं. सारा श्योस्ट्रोमनं तिशीत पॅरिसला ५० मीटर २३.७१ आणि १०० मीटर ५२.१६ अशी दोन्ही सुवर्णं घेतली, एवढं मात्र सोळाव्या वर्षी 'आता काय वय राहिलं' म्हणून मुलींना पाण्यातून काढणाऱ्या घरांनी लक्षात घ्यावं.

आपल्याकडून हवं ते इतकंच. निकाल छापताना प्रत्येक वेळेपुढे तलावाची लांबी, आणि घड्याळ विद्युत की हाती ते एका अक्षरात. १०० मीटर असेल तर पहिल्या ५० ची वेळ. जिल्हा स्पर्धेच्या आयोजकांकडून पत्रकात १५ मीटरची वेळ आली तर तीही. आणि आली नाही तर आपल्या बातमीदारानं ती मागावी. वृत्तपत्रानं मागितलेली गोष्ट आयोजक पुढच्या वेळी तयार ठेवतात, आम्ही मागितलेली ठेवत नाहीत. जागा कमी असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची छायाचित्रं गाळून विजेत्याचे तुकडे छापले तरी आमची तक्रार नाही. येत्या मोसमात आम्ही काठावर असू त्या प्रत्येक स्पर्धेत फिती आम्ही बांधू, दोन फोन आम्ही लावू आणि तुकड्यांचा कागद त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयात पोचता करू.

आपले,
काही जलतरण प्रशिक्षक आणि वेळाधिकारी
इंदूर